अहवालाची प्रतीक्षा : स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे

भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक प्रमाणात आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली, तर सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने दगावल्या. उशिरा होणारे निदान, तपासणीविषयीचा संकोच, उपचारांचा खर्च या प्रश्नांची चर्चा वारंवार होते. मात्र उपचारांच्या वाटेवरील एक टप्पा या चर्चेत क्वचितच येतो. शस्त्रक्रिया पार पडलेली असते, रुग्ण घरी परतलेली असते आणि काढलेल्या ऊतीच्या तपासणीचा अहवाल मात्र आलेला नसतो. कधी दहा दिवस, कधी तीन आठवडे, तर कधी त्याहूनही अधिक काळ ही प्रतीक्षा चालते. या काळात रुग्णावर होणारा उपचार जवळजवळ शून्य असतो. पुढील कित्येक वर्षांच्या उपचारांची दिशा मात्र याच काळात, दूर कोठेतरी एका सूक्ष्मदर्शकाखाली ठरत असते.

छत्तीसगडमधील भिलाईसारख्या शहरात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांमध्ये विभागलेली नियोजित वसाहत वसली आणि सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र हे या वसाहतीचे प्रमुख रुग्णालय ठरले. म्हणजे आरोग्यसेवेचा गंधही नसलेला हा भाग नव्हे. तरीही कर्करोगाच्या काही विशेष तपासण्यांसाठी अशा शहरांतील रुग्णांची ऊती रायपूर, नागपूर किंवा थेट मुंबईपर्यंत प्रवास करते. दुर्ग आणि राजनांदगाव हा पट्टा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. येथील मराठी कुटुंबांचे नातेसंबंध आजही नागपूरशी जुळलेले असल्याने 'रिपोर्ट नागपूरहून येणार आहे' हे वाक्य अशा घरांत परके वाटत नाही.

दुसऱ्या अहवालाची गरज

अनेक कुटुंबांना पडणारा पहिला प्रश्न असा की, सुईने तुकडा घेऊन केलेल्या बायॉप्सीत कर्करोग असल्याचे आधीच सिद्ध झाले असताना पुन्हा तपासणी कशासाठी? बायॉप्सी ही गाठीच्या एका लहानशा भागाची तपासणी असते. तिच्यावरून आजाराचे नाव कळते; त्याची संपूर्ण व्याप्ती कळत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालातून गाठीचा नेमका आकार, काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत किंवा नाहीत, काखेतील किती लसिका ग्रंथी तपासल्या व त्यांपैकी कितींमध्ये रोग पोचला आहे, तसेच रोगपेशींची श्रेणी किती हे समजते. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिली असल्यास तिचा किती परिणाम झाला, याचे उत्तरही याच अहवालात असते.

श्रेणी ठरविण्याची पद्धत परीक्षार्थींनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. नॉटिंगहॅम पद्धत या नावाने ती ओळखली जाते. रोगपेशींनी नलिकेसारखी रचना किती प्रमाणात टिकवून ठेवली आहे, पेशीकेंद्रकांचे रूप किती बिघडले आहे आणि पेशींचे विभाजन किती वेगाने चालू आहे, या तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. बेरीज ३ ते ५ असल्यास पहिली श्रेणी, ६ किंवा ७ असल्यास दुसरी आणि ८ किंवा ९ असल्यास तिसरी. येथे एक घोटाळा नेहमी होतो. श्रेणी म्हणजे रोगाची अवस्था नव्हे. अहवालात 'ग्रेड ३' वाचून 'तिसऱ्या स्टेजचा कर्करोग' असा अर्थ लावणारी आणि त्या धक्क्याने रात्र जागून काढणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अवस्था ही गाठीचा आकार, ग्रंथींमधील प्रसार आणि शरीराच्या इतर भागांतील प्रसार यांवरून ठरते. गाठ लहान व ग्रंथी स्वच्छ असतील, तर तिसऱ्या श्रेणीचा कर्करोगही पहिल्या अवस्थेत असू शकतो.

ऊतीचा प्रवास

भिलाईच्या कारखान्यात वितळलेल्या पोलादाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि काही मिनिटांत त्यातील कार्बन, मँगनीज यांचे प्रमाण कळते. भारतीय रेल्वेसाठी येथे तयार होणारे रूळ ध्वनिलहरींनी तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत. तपासणीचा निकाल आल्याखेरीज माल हलवायचा नाही, ही शिस्त या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. साहजिकच येथील एखाद्या कामगाराला प्रश्न पडू शकतो की, पोलादाला मिनिटे पुरतात, तर हाताएवढ्या ऊतीला पंधरवडा का लागावा? याचे उत्तर ऊतीच्या स्वभावात आहे. पोलाद नासत नाही. ऊती मात्र शरीराबाहेर येताच नासू लागते.

म्हणून काढलेली ऊती शक्यतो एका तासाच्या आत फॉर्मेलिनच्या द्रावणात ठेवावी, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संकेत आहे. फॉर्मेलिनमुळे पेशींतील प्रथिने जागच्या जागी स्थिर होतात. मात्र हे द्रावण ऊतीत अतिशय सावकाश झिरपते; त्याचा वेग तासाला सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतो. त्यातच स्तनात चरबीचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे काढलेल्या भागाच्या कडांना प्रथम शाई लावली जाते आणि मग त्याचे काप घेऊन ते द्रावणात ठेवले जातात. स्तनाच्या ऊतीसाठी हा स्थिरीकरणाचा काळ किमान ६ तास आणि कमाल ७२ तास असावा, असे ठरविण्यात आले आहे. ही मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळावी लागते. स्थिरीकरण अपुरे राहिल्यास पुढील तपासण्यांत असलेला गुणधर्म 'नाही' असा दिसू शकतो. घाईने मिळवलेला अहवाल येथे चुकीचा ठरण्याचा धोका आहे आणि त्याची किंमत रुग्णाला औषधाला मुकून मोजावी लागते.

त्यानंतर विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजेच पॅथॉलॉजिस्ट, उघड्या डोळ्यांनी व बोटांच्या स्पर्शाने ऊतीची पाहणी करतात, गाठ मोजतात आणि निवडक भागांचे तुकडे घेतात. काखेतील चरबीत दडलेल्या लसिका ग्रंथी शोधणे हे सर्वांत चिकाटीचे काम. काखेची पूर्ण शस्त्रक्रिया झाली असल्यास साधारणतः किमान दहा ग्रंथी तपासल्या जाव्यात अशी अपेक्षा असते. त्या न सापडल्यास उरलेली चरबी पुन्हा चाचपून पाहावी लागते. निवडलेले तुकडे रात्रभर अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेले पॅराफिन मेण यांमधून नेले जातात. त्यामुळे ऊतीतील पाणी निघून त्याच्या जागी मेण भरते आणि मेणाचा घट्ट ठोकळा तयार होतो. या ठोकळ्याचे ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे विसाव्या भागाइतके पातळ, काप काढून ते काचपट्टीवर चढविले जातात. हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रक निळसर जांभळे आणि इओसिनने उर्वरित पेशी गुलाबी होते. अशा वीस, तीस किंवा त्याहून अधिक काचपट्ट्या एका रुग्णाच्या नावावर जमतात आणि त्या प्रत्येक काचपट्टीवरून अनुभवी डोळ्याला फिरावे लागते. शस्त्रक्रिया चालू असताना ऊती गोठवून काही मिनिटांत दिला जाणारा अहवाल असतो. पण तो मोजक्या प्रश्नांपुरताच उपयुक्त ठरतो.

सारे सुरळीत झाले तर या पहिल्या अहवालास साधारणतः पाच ते दहा कामाचे दिवस लागतात.

रंगांवरून ठरणारे औषध

खरी लांबण यापुढे लागते. पहिला अहवाल रोगाचे रूप सांगतो. रोग कोणत्या औषधाला बधेल हे सांगण्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. तिला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा थोडक्यात आयएचसी म्हणतात. पेशीतील विशिष्ट प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड वापरून ते प्रथिन रंगाने दृश्य केले जाते. ही तपासणी बहुधा बायॉप्सीवरच केली जाते. पण तेव्हा ती झाली नसल्यास, निकाल संदिग्ध असल्यास किंवा शस्त्रक्रियेत सापडलेली गाठ वेगळ्या रूपाची असल्यास ती नव्याने करावी लागते.

या तपासणीत तीन प्रथिने प्रामुख्याने पाहिली जातात. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही ही त्यांपैकी दोन. किमान १ टक्का रोगपेशींमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राही आढळल्यास निकाल 'धन' मानला जातो आणि टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे घेण्याचा मार्ग खुला होतो. तिसरे प्रथिन हर-२. जगभरात सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांमध्ये त्याचे प्रमाण वाढलेले आढळते. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे औषध उपलब्ध आहे. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि नंतर त्याच्या भारतीय बनावटीच्या जैवसदृश आवृत्त्याही बाजारात आल्या. हे औषध साधारणतः वर्षभर द्यावे लागते आणि ते स्वस्त नाही. म्हणजे एका काचपट्टीवरील तपकिरी रंगाच्या छटेवर एका कुटुंबाचा वर्षाचा जमाखर्च अवलंबून असतो. ही तिन्ही प्रथिने नसलेल्या प्रकाराला 'त्रिऋण' म्हणतात. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत अधिक आढळते आणि त्यात केमोथेरपीवरच मुख्य भिस्त असते.

हर-२ चा निकाल ०, १+, २+ किंवा ३+ असा दिला जातो. ०, १+ आणि ३+ यांचा अर्थ ठरलेला आहे. २+ म्हणजे 'निश्चित सांगता येत नाही'. अशा वेळी फिश या नावाने ओळखली जाणारी जनुकीय तपासणी करावी लागते. ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि तिच्यासाठी आणखी एक ते दोन आठवडे जाऊ शकतात. 'रिपोर्ट आला, पण अजून पूर्ण आला नाही' असे जे अनेकदा ऐकू येते, त्यामागे बहुतेक वेळा हे २+ असते. त्याचा अर्थ रोग वाढला असा नाही, की डॉक्टर काही लपवीत आहेत असाही नाही.

दिवस कोठे हरवतात

येथवर वर्णन केलेला काळ ऊतीचा स्वतःचा आहे. तो कोणाच्या आग्रहाने कमी होत नाही. परंतु प्रत्यक्षातील प्रतीक्षा त्याहून लांबते आणि तो जादा काळ व्यवस्थेचा असतो. लहान प्रयोगशाळेत महागडी प्रतिपिंडे एका रुग्णासाठी उघडणे परवडत नाही, म्हणून पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबले जाते. मेणाचा ठोकळा दुसऱ्या शहरी पाठवायचा तर विनंतीपत्र, शुल्क, कुरिअर आणि नोंदणी यांत दिवस जातात. कधी अर्जावर बायॉप्सीचा क्रमांक लिहिलेला नसतो आणि पॅथॉलॉजिस्ट जुन्या अहवालासाठी खोळंबून राहतात. कधी अहवाल तयार असतो, पण तो शल्यचिकित्सकाच्या टेबलावर आहे की नोंदणी कक्षात हे कोणालाच ठाऊक नसते. यांपैकी एकाही कारणाचा वैद्यकशास्त्राशी संबंध नाही.

देशात कर्करोग-विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मराठी नाव अग्रभागी आहे. १९४१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक झाले. परंतु हे कौशल्य दीर्घकाळ महानगरांपुरते मर्यादित राहिले. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दुर्ग स्थानकापासून नागपूर सुमारे २६५ आणि मुंबई सुमारे ११०० किलोमीटर दूर आहे. अलीकडच्या काळात हे अंतर काहीसे कमी झाले आहे. रायपूर येथे २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातील कर्करोग केंद्रांना टाटा मेमोरियल सेंटरशी जोडून समान उपचारपद्धतींचा आग्रह धरला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच स्वाक्षरी असावी, असे स्पष्ट केले. या निर्णयाने गुणवत्तेची हमी मिळाली, तशीच अशा तज्ज्ञांची चणचणही उघड झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जागतिक उपक्रम जाहीर केला. त्यातील सूत्र ६०-६०-८० असे लक्षात ठेवता येते : किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेत, रुग्ण प्रथम आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार शेवटपर्यंत. यातील साठ दिवसांची मुदत निदानासाठी आहे. शस्त्रक्रियोत्तर अहवालासाठी वेगळी मुदत या सूत्रात नाही, ही उणीवच म्हटली पाहिजे. कारण उपचार अर्धवट सोडणाऱ्यांपैकी काहीजणी याच रिकाम्या काळात रुग्णालयापासून दुरावतात. टाके निघालेले असतात, दुखणे थांबलेले असते, 'गाठ तर काढली' अशी समजूत झालेली असते. अहवाल कोणी आणायचा हे ठरलेले नसेल, तर तो तसाच पडून राहतो.

प्रतीक्षेने हानी होते काय?

रुग्णाच्या मनातील हा सर्वांत जाचक प्रश्न. त्याचे उत्तर काहीसे दिलासा देणारे आहे. शस्त्रक्रियेची जखम भरून येण्यासाठी काही आठवडे लागतातच आणि पुढील केमोथेरपी बहुधा चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास सुरू केली जाते. म्हणजे अहवाल तीन आठवड्यांनी आला, तरी सहसा उपचाराचा एकही दिवस वाया गेलेला नसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कर्करोग नोंदणीतील सुमारे २४,८०० रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर ९१ दिवस किंवा त्याहून अधिक विलंबाने केमोथेरपी सुरू झालेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण कमी आढळले आणि त्रिऋण प्रकारात हा परिणाम अधिक ठळक होता. ३१ ते ९० दिवसांच्या दरम्यान सुरुवात झालेल्यांत मात्र पहिल्या महिन्यातच सुरुवात झालेल्यांच्या तुलनेत तसा फरक दिसला नाही. तात्पर्य, पंधराव्या दिवशी घाबरण्याचे कारण नाही आणि पन्नासाव्या दिवशी स्वस्थ बसण्याचेही नाही.

तथापि शरीराची हानी होत नाही म्हणून मनाचे ओझे हलके होत नाही. अमेरिकेतील २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२६ स्त्रियांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावाशी निगडित संप्रेरकाची मोजणी करण्यात आली. बायॉप्सीनंतर पाचव्या दिवशीही निकाल न कळलेल्या स्त्रियांमधील या संप्रेरकाचे चढउतार कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रियांसारखेच बिघडलेले आढळले. हा अभ्यास निदानापूर्वीच्या प्रतीक्षेचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे; तरी अनिश्चितता हाच एक स्वतंत्र भार आहे, असे त्यावरून म्हणता येते. झोप न लागणे, चिडचिड, एकच विचार वारंवार येणे ही दुबळेपणाची लक्षणे नव्हेत. ती दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा जेवणखाण सुटल्यास डॉक्टरांना तसे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

यावर 'सकारात्मक राहा' हा सल्ला फारसा कामाचा नाही. नेमकी माहिती अधिक उपयोगी पडते. रुग्णालय सोडतानाच चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात : ऊती कोणत्या प्रयोगशाळेत गेली, तिचा नोंदणी क्रमांक काय, कोणकोणत्या तपासण्या मागविल्या आहेत आणि कोणत्या तारखेनंतर कोणाला विचारायचे. एक तारीख ठरली की रोजची घालमेल काही अंशी तरी त्या तारखेवर जाऊन थांबते. चौकशीसाठी घरातील एकाच व्यक्तीने जबाबदारी घ्यावी. पाच नातेवाइकांनी पाच ठिकाणी फोन केल्याने अहवाल लवकर येत नाही, पाच निरनिराळी उत्तरे मात्र येतात. अहवाल तुकड्यातुकड्यांनी आल्यास तो परस्पर वाचून निष्कर्ष काढण्यापेक्षा डॉक्टरांच्या भेटीत सोबत बसून समजून घ्यावा. आपल्या घरांतून अहवाल प्रथम मुलाच्या वा दिराच्या हाती पडतो आणि 'तिला आत्ताच सांगायला नको' असे ठरते. हेतू प्रेमाचाच असतो, पण घरातील कुजबुज तिच्या कानांवर येतेच आणि प्रतीक्षा संपण्याऐवजी अधिक काळी होते. ऊती तिची आहे, अहवालही तिचाच.

हा काळ अगदी रिकामाही नसतो. काखेची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा खांदा आखडू नये म्हणून सांगितलेले व्यायाम, जखमेची निगा, मधुमेह वा रक्तदाब असल्यास त्यांचे नियंत्रण ही कामे याच आठवड्यांत व्हायची असतात. केमोथेरपी वेळेवर सुरू होण्यासाठी त्यांचा थेट उपयोग होतो.

खर्च, प्रवास आणि कागद

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यात रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधांचा समावेश आहे. अहवालाचा काळ पंधरा दिवसांच्या पुढे जाऊ शकतो हे लक्षात घेता, आयएचसी आणि फिश यांचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे किंवा नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारणे शहाणपणाचे ठरते. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेच्या शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गाच्या मूळ भाड्यात पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे. मात्र केवळ दुसऱ्या मतासाठी रुग्णाने नेहमीच प्रवास करावा लागत नाही. मेणाचा ठोकळा, काचपट्ट्या आणि अहवालाची प्रत घेऊन नातेवाईक गेला, तरी पुनर्तपासणी होऊ शकते. वैद्यकीय अभिलेखांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत दिली जावी, अशी तरतूद भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांत होती आणि त्या आधारे रुग्णांनी प्रती मागण्याची प्रथा रुळली.

मेणाचा ठोकळा साध्या खोलीच्या तापमानात वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून तो हरवू देऊ नये. त्याचे मोल पुढेही कसे वाढू शकते, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. हर-२ चा निकाल १+ आला, की पूर्वी तो सरळ 'ऋण' मानला जाई आणि अहवाल बाजूला पडे. शरीरात अन्यत्र पसरलेल्या रोगात ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या औषधाचा उपयोग १+ असलेल्या आणि २+ असूनही फिश ऋण ठरलेल्या रुग्णांनाही होतो, असे सिद्ध झाले आणि २०२२ मध्ये अमेरिकेत त्याच्या या वापरास मान्यता मिळाली. तेव्हापासून अनेक वर्षांपूर्वीचे अहवाल पुन्हा काढून त्यांतील ही बारीकशी नोंद शोधली जात आहे.